अगरतळ्याहून पश्चिमेला जाताना घड्याळ पुढे का करावं लागतं?

त्रिपुराची राजधानी अगरतळा बांगलादेशच्या सीमेला अगदी चिकटून आहे. शहराच्या कडेलाच तपासणी नाका, आणि नाका ओलांडला की बांगलादेशातलं आखाउडा. अगरतळा पूर्वेला, आखाउडा पश्चिमेला. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे करायचं, हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो असतो. इथे मात्र उलटं होतं. अगरतळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा नाक्यापलीकडे साडेनऊ झालेले असतात. सूर्याच्या हिशेबाने पाहिलं तर अगरतळ्याची सकाळ ढाक्याच्या आधी साडेतीन मिनिटं होते, पण घड्याळाच्या हिशेबाने अगरतळा ढाक्याच्या अर्धा तास मागे.

हा घोळ समजून घ्यायचा तर कोलकात्याहून सरळ पूर्वेला निघावं, नकाशावर का होईना. कोलकात्याची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. बांगलादेशात शिरलं की सहा तास. बांगलादेश ओलांडून त्रिपुरात आलं की पुन्हा साडेपाच. तिथून मिझोराम, तेही साडेपाच. मिझोरामच्या झोखाथार गावाजवळचा छोटा पूल ओलांडून म्यानमारमध्ये गेलं की थेट साडेसहा. सूर्य या सगळ्या वाटेवर शिस्तीत चार-चार मिनिटांनी सरकत असतो. घड्याळ मात्र अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे आणि मग एक तास पुढे अशा उड्या मारतं.

चार-चार मिनिटं कशी, तेही पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. संकष्टी करणाऱ्या घरांना हे गणित न मांडताही माहीत असतं. कॅलेंडरमध्ये मुंबईचा चंद्रोदय वेगळा आणि नागपूरचा वेगळा छापलेला असतो, आणि नागपूरवाले आधी जेवून मोकळे होतात. दोन्ही शहरांत सव्वासहा अंशांचं अंतर आहे, म्हणजे साधारण २५ मिनिटं. अक्षांशामुळे यात थोडं कमी-जास्त होतं, पण मूळ फरक हाच. घड्याळं दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, आकाश मात्र आपापल्या वेळेने चालतं.

पूर्वी प्रत्येक गाव आपल्या आकाशाप्रमाणेच घड्याळ लावत असे. सूर्य डोक्यावर आला की बारा. रेल्वे आणि तार आल्यावर हे अडचणीचं झालं, कारण वेळापत्रक नेमकं कुठल्या गावाच्या बारानुसार छापायचं? १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरलं. त्यानंतर हळूहळू एकेक देश ग्रीनिचपासून ठरावीक तास पुढे किंवा मागे असलेली प्रमाणवेळ घेत गेला. भारताने १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त घेतलं. ते मिर्झापूरजवळून जातं. ८२.५ भागिले १५ केलं की साडेपाच येतात.

मिर्झापूर देशाच्या साधारण मध्यावर आहे, म्हणून ही निवड रास्तच होती. पण मध्य गाठला की दोन्ही टोकं लांब पडतात. भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार साधारण २९ अंशांचा, म्हणजे सूर्याचे जवळजवळ दोन तास. मिर्झापूरमध्ये घड्याळ आणि सूर्य यांचं जमतं. पश्चिमेकडे घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं आणि पूर्वेकडे मागे रेंगाळतं. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. अगरतळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ११.२५ वाजलेले असतात. कोहिमाला सव्वाअकराच्या आसपास.

शेजाऱ्यांनी मात्र आपापल्या सोयीची रेखावृत्तं घेतली. फाळणीनंतर काही वर्षं पाकिस्तान जुन्याच वेळांवर चालला. १९५१ मध्ये त्यांनी पश्चिम पाकिस्तानसाठी पाच तास आणि पूर्व पाकिस्तानसाठी सहा तास असा निर्णय घेतला. पाच तास म्हणजे ७५ अंश, जे लाहोरच्या अगदी जवळ पडतं. सहा तास म्हणजे ९० अंश, जे ढाक्याच्या जवळ. त्यामुळे लाहोर आणि ढाका या दोन्ही शहरांत घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. आणि या दोन शहरांना लागून असलेला भारताचा भाग पाहा. अटारीचं घड्याळ सूर्याच्या अर्धा तास पुढे, अगरतळ्याचं अर्ध्या तासाहून थोडं जास्त मागे. सीमेवर अर्ध्या तासाचा फरक दिसतो तो शेजाऱ्यांच्या विक्षिप्तपणामुळे नाही. एकाच घड्याळाने दोन तासांचा देश झाकायचा ठरवला की त्याचा ताण कडांवरच दिसणार. वाघा-अटारीला संध्याकाळी ध्वज उतरवण्याचा सोहळा दोन्ही बाजूंचे जवान एकाच वेळी करतात, कारण तो सूर्यास्ताला बांधलेला असतो. सूर्य एकच, फक्त मनगटांवरच्या वेळा दोन.

नेपाळची पाऊण तासाची वेळ हा बऱ्याच जणांच्या कुतूहलाचा विषय असतो. तीही याच जातीची. नेपाळ आधी भारताच्याच वेळेवर चालत होता. १९८६ मध्ये त्यांनी गौरीशंकर शिखराजवळून जाणारं सव्वाशहाऐंशी अंशांचं रेखावृत्त घेतलं. ८६.२५ भागिले १५ केलं की पावणेसहा. काठमांडूची खरी स्थानिक वेळ साधारण ५ तास ४१ मिनिटं येते, म्हणजे सूर्याच्या बाबतीत नेपाळचं घड्याळ बरंच प्रामाणिक म्हणायला हवं. पण त्यामागे शेजारच्या मोठ्या देशापेक्षा आपली वेळ वेगळी असावी ही इच्छाही होतीच, असं मला वाटतं. रक्सौलहून बिरगंजला चालत गेलं की पंधरा मिनिटं पुढे. भूतान १९८७ मध्ये सहा तासांवर गेला; जयगाव आणि फुंत्शोलिंग यांच्यात एक कमान आणि अर्धा तास.

चीनची गोष्ट याच्या अगदी उलट. देश भारताच्या दुपटीहून रुंद, पण १९४९ पासून सगळीकडे एकच वेळ, बीजिंगची. ग्रीनिचच्या आठ तास पुढे. नथू ला खिंडीत भारतीय आणि चिनी जवान हाताच्या अंतरावर उभे असतात आणि त्यांच्या घड्याळांत अडीच तासांचं अंतर असतं. कैलास-मानसरोवरला जाणाऱ्या यात्रेकरूंना तिबेटमध्ये शिरताच घड्याळ अडीच तास पुढे करावं लागतं. सरोवरापाशी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे अडीच वाजून गेलेले असतात. चीनच्या पश्चिम टोकाच्या शिंजियांग प्रांतात लोक यातून स्वतःच मार्ग काढतात. तिथल्या उईगुर समाजातले अनेक जण बीजिंगच्या दोन तास मागची स्थानिक वेळ पाळतात, आणि कुणी भेटायची वेळ दिली तर ती कुठली, हे विचारून घ्यावं लागतं. अफगाणिस्तान साडेचार तासांवर आहे. त्यामुळे वाखानच्या टोकाला, अफगाणिस्तान आणि चीन यांच्या छोट्याशा सीमेवर, एक पाऊल टाकलं की साडेतीन तास बदलतात.

इथवर स्थिर वेळांची गोष्ट झाली. आता वर्षातून दोनदा घड्याळ हलवण्याची, म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइमची. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचं आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मागे आणायचं, एवढीच युक्ती आहे. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य ग्रीनिच वेळेनुसार पावणेचारच्या आसपास उगवतो. त्या वेळी बहुतेक जण झोपलेले असतात, आणि संध्याकाळी तोच उजेड हवासा वाटतो. घड्याळ एक तास पुढे केलं की लोक न कुरकुरता एक तास लवकर उठतात, कारण गजर सहाचा सहालाच वाजतो. सगळ्यांना लवकर उठा म्हणून सांगणं कठीण, पण सहा वाजले म्हणून सांगणं सोपं. १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या टपाल खात्यात काम करणाऱ्या जॉर्ज हडसन यांनी ही कल्पना मांडली, कारण त्यांना कामानंतर कीटक गोळा करायला उजेड हवा होता. देशपातळीवर ती पहिल्यांदा जर्मनीने पहिल्या महायुद्धात, ३० एप्रिल १९१६ ला, कोळसा वाचवण्यासाठी अंमलात आणली. भारतातही दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळं एक तास पुढे होती.

ही युक्ती कुठे चालते हे अक्षांशावर ठरतं. लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि सर्वांत लहान आठ तासांहूनही छोटा. उन्हाळ्यात उजेडाची खरोखर चंगळ असते, ती सकाळकडून संध्याकाळकडे वळवता येते. मुंबईत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तास, आणि तोही सकाळ-संध्याकाळीत वाटला गेलेला. इथे वळवायला फारसं काही शिल्लकच नसतं. तरीही आपल्या शेजाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहिला, आणि वीजटंचाईने गांजून केला.

पाकिस्तानने २००२ मध्ये एकदा आणि मग २००८ आणि २००९ मध्ये पुन्हा उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे केली. २००८ मध्ये १ जूनपासून, २००९ मध्ये १५ एप्रिलपासून. त्या काळात वाघ्याला गंमत झाली होती. एरवी भारत अर्धा तास पुढे असतो, त्या दोन उन्हाळ्यांत पाकिस्तान अर्धा तास पुढे होता. पण नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, रोजा सोडायची वेळ सूर्यावर ठरते. घड्याळ पुढे केलं तर मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, एक तास उशिरा दिसते इतकंच, सूर्य काही लवकर मावळत नाही. दुकानदारांनी उशिरापर्यंत दुकानं चालू ठेवली, लोकांनी नवा टाइम आणि जुना टाइम अशी दोन नावं सांभाळली. २०१० मध्ये प्रयोग पुन्हा झाला नाही.

बांगलादेशचा अनुभव मला यापेक्षा बोलका वाटतो, कारण तिथे तो हिवाळ्यापर्यंत ताणला गेला. १९ जून २००९ च्या रात्री अकरा वाजता ढाक्यातली घड्याळं थेट बारावर नेली गेली. संध्याकाळी कार्यालयं दिवसाउजेडी सुटावीत, घरी दिवे उशिरा लागावेत आणि विजेची मागणी एकदम उसळू नये, हा हेतू. जूनमध्ये हे बरं चाललं, कारण सूर्य नव्या वेळेने सहा वाजून दहा मिनिटांनी उगवत होता आणि पावणेआठला मावळत होता. सरकारच्या ‘डिजिटल बांगलादेश’ या घोषणेवरून लोक नव्या वेळेला थट्टेने ‘डिजिटल टाइम’ म्हणू लागले. सप्टेंबरअखेर घड्याळं मागे यायची होती. सरकारने ती तशीच पुढे ठेवायचं ठरवलं.

मग थंडी आली. ढाक्यात डिसेंबरअखेर सूर्य नेहमीच्या वेळेने साधारण सहा चाळीसला उगवतो. डिजिटल टाइमने ते झाले सात चाळीस. वरून बंगालचं दाट धुकं. सकाळच्या सत्रातली मुलं अंधारात, धुक्यात शाळेला निघू लागली, पालक वैतागले. शेवटी ३१ डिसेंबरच्या रात्री घड्याळं मागे आली. मार्च २०१० मध्ये ती पुन्हा पुढे जायची होती, तो बेतही सोडून देण्यात आला. ते सहा महिने ढाका कोलकात्याच्या दीड तास पुढे होतं, म्हणजे थेट बँकॉकच्याच वेळेवर.

श्रीलंकेचा गोंधळ तर दहा वर्षं चालला. १९९६ मध्ये पाऊस कमी, जलविद्युत अपुरी, म्हणून मे महिन्यात साडेपाचवरून एकदम साडेसहावर गेले. ऑक्टोबरमध्ये अर्धा तास कमी करून सहावर आले आणि तिथेच राहिले. एप्रिल २००६ मध्ये पुन्हा साडेपाचवर परतले. या दहा वर्षांत उत्तरेकडे लिट्टेच्या ताब्यातल्या भागाने नवी वेळ मानलीच नाही. तिथे जुनी साडेपाचची वेळ चालू होती. सैन्याची चौकी ओलांडली की वेळही बदलायची. मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या मॉरिशसनेही २००८-०९ च्या उन्हाळ्यात एकदा घड्याळ पुढे करून पाहिलं आणि पुढच्या वर्षी नाद सोडला. विषुववृत्ताच्या जवळच्या देशांत या युक्तीचं आयुष्य बहुतेकदा एक-दोन हंगामांचंच असतं.

आपल्याकडे हा प्रयोग नाही, तरी पुण्या-हैदराबादच्या आयटीतल्या लोकांना त्याचा फटका वर्षातून चारदा बसतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागे येताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. न्यूयॉर्क आपल्यापासून हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. मार्चमधले ते दोन-तीन आठवडे असे असतात की न्यूयॉर्क बदललेलं असतं आणि लंडन नसतं. तिघांची एकत्र बैठक असेल तर कॅलेंडरचं निमंत्रण कुठल्या शहराच्या वेळेवर बनवलं आहे ते आधी पाहावं. ते न्यूयॉर्कच्या वेळेवर असेल तर पुण्यातली बैठक आपोआप एक तास लवकर होते. पुण्याच्या वेळेवर असेल तर न्यूयॉर्कवाल्यांना ती एक तास उशिरा दिसते. लंडनवाले दोन्ही वेळा आपलं काय चुकलं ते शोधत बसतात.

प्रमाणवेळ लादली गेली की लोक ती मुकाट्याने घेतात, असं मुंबईचा इतिहास तरी सांगत नाही. १९०६ आधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ, जी रेल्वे वापरत होती, शहरावर आणायचा प्रयत्न केला. विरोध एवढा झाला की दोनेक वर्षांत तो गुंडाळावा लागला. १९०६ मध्ये मात्र भारतीय प्रमाणवेळ आली, म्हणजे घड्याळं ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की भोंगा आता सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी वाजणार. काही गिरण्यांत कामगारांनी काम बंद पाडलं. नगरपालिकेतही जोरदार वाद झाले, आणि पुढे कित्येक वर्षं शहरात दोन वेळा नांदल्या. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर, पालिका ‘बॉम्बे टाइम’वर. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ही वेळ टिकून होती. पारशी अग्यारीत दुपारचा गेह, म्हणजे प्रार्थनेचा प्रहर, आजही बारा चाळीसच्या सुमाराला सुरू होतो, तो त्याच ३९ मिनिटांमुळे.

मुंबईला जे पुढे ढकललं गेल्याचं वाटलं, त्याच्या नेमकं उलट दुःख ईशान्य भारताचं आहे. कोहिमात जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आत उगवतो आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला मावळतो. कचेरी दहाला उघडली तर तोवर उजेडाचे साडेपाच तास गेलेले असतात, आणि हिवाळ्यात ती सुटायच्या आत अंधार पडतो. आसामच्या चहामळ्यांनी यावर ब्रिटिश काळापासून आपला तोडगा काढला आहे. तिथे ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. आसाम आणि अरुणाचलच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतंत्र प्रमाणवेळेची मागणी केली, गुवाहाटी उच्च न्यायालयात याचिकाही गेली आणि ती २०१७ मध्ये फेटाळली गेली.

२०१८ मध्ये देशाची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी एक नेटका प्रस्ताव मांडला. पश्चिमेला साडेपाच, ईशान्येला साडेसहा, आणि दोन्हींमधली रेषा ८९ अंश ५२ मिनिटांवर, बंगाल आणि आसामच्या अरुंद सीमेपाशी. दोन वेळांवर सर्वांत मोठा आक्षेप रेल्वे अपघातांचा असतो. त्यावर त्यांचं म्हणणं असं की ही सीमा इतकी चिंचोळी आहे की न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्थानकांवर वेळ बदलावी लागेल. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांनी त्याआधी वेगळाच मार्ग सुचवला होता. देश दोन भागांत न वाटता सगळी घड्याळं कायमची अर्धा तास पुढे, सहावर. तसं झालं तर भारत, बांगलादेश आणि भूतान एकाच वेळेवर येतील आणि नेपाळशी फरक पंधरा मिनिटांचाच राहील. मात्र जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सात बेचाळीसला होईल. सकाळी सातची शाळा असलेल्या मुलांच्या आया काय म्हणतील ते ढाक्याने २००९ मध्ये दाखवून दिलं आहे.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये संसदेत सांगितलं की उच्चस्तरीय समितीने सामरिक कारणांसाठी दोन वेळा नकोत अशी शिफारस केली आहे. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या नियमांच्या मसुद्यात कायदेशीर आणि व्यावसायिक कामासाठी देशभर एकच प्रमाणवेळ सक्तीची करायचा विचार होता. मला स्वतःला घड्याळाला हात लावायचीच गरज वाटत नाही. कोहिमाची कचेरी दहाऐवजी आठला उघडावी, शाळा सातला भराव्यात. त्यासाठी रेखावृत्त बदलायला नको, रेल्वेचं वेळापत्रक बदलायला नको, समितीही नको. चहामळ्यांनी वेगळं नाव देऊन केलंय ते एवढंच, कामाची वेळ एक तास अलीकडे आणणं.